पाद्री आणि फटफट्या

फटफटीवर बसणाऱ्या पाद्र्याची हकीकत मी कुठे सांगितली, की दोन तऱ्हेचे सद्गृहस्थ चवताळून उठतात. एक म्हणतो, "पोरे बाटवायचा धंदा!" दुसरा विचारतो, "त्या आडदांडांपैकी किती जण पुढे चर्चला जाऊ लागले?" दोघांनाही डोकीच मोजायची आहेत. मला हा हिशेबच नामंजूर आहे.

पाद्री म्हणजे लंडनच्या हॅकनी विक भागातले बिल शेरगोल्ड. त्यांच्या चर्चने १९५९ साली तरुणांसाठी मंडळ काढले. म्हणून नाव 'फिफ्टी-नाइन क्लब'. त्या दिवसांत नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या 'एस कॅफे'त कातडी जाकिटांतले 'रॉकर' जमत. सभ्य मंडळी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. १९६२ साली शेरगोल्ड स्वतःच्या फटफटीवरून तिकडे निघाले. पहिल्या खेपेस धीर होईना, तेव्हा गाडी तशीच पुढे दामटली! पुन्हा गेले, आणि बोलावणे देऊन आले: चर्चमध्ये या, गाड्यांसाठी प्रार्थना करू. पोरे आली, फटफट्यांसकट. (दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.) पुढे मंडळात फटफटीवाल्यांचा निराळा विभागच निघाला. तिथे कॉफी होती, बिलियर्ड होते, गाणी होती; श्रद्धेचा दाखला कुणी मागत नव्हते.

१९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर मॉड आणि रॉकर या टोळक्यांत मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी राईचा पर्वत केला. तो कसा केला हे स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. त्या गदारोळातही मंडळाचे दार उघडेच राहिले.

शेरगोल्ड पाद्री होते आणि प्रार्थना करीत, हे त्यांनी लपवले नाही. कॉफीच्या कपात गळ लपवणारा कोणी भेटला, तर तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला मी उंबऱ्याबाहेर काढीन. पण गळ आहे की नाही हे कप पाहून ठरवावे, झगा पाहून नव्हे. पोरे सुधारण्याची वाट न पाहता या माणसाने त्यांना आत घेतले. आम्ही मास्तर लोक नेमके उलटे करतो: आधी केस कापून ये, मग वर्गात बस!

आमच्या नाक्यावरही संध्याकाळी दहाबारा फटफट्या उभ्या असतात. त्या पोरांना हुसकावण्याचा अर्ज घेऊन परवा काही मंडळी माझ्याकडे सहीला आली. मी विचारले, "यांतल्या एकाचे तरी नाव तुम्हांस ठाऊक आहे काय?" कुणालाच नव्हते. मी सही केली नाही.