कारखानदाराच्या दारातली उमेदवारी

पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत चाकणच्या एखाद्या कारखान्यात दोन महिने 'इंटर्नशिप' करतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो, तेव्हा विद्यापीठाला धन्यता वाटते, कारखान्याला वाटते आणि त्याच्या आईबापांनाही वाटते. इंद्रायणीला मात्र त्याचे काही वाटत नाही. आळंदीच्या घाटाशी फेस पूर्वीसारखाच तरंगत असतो. या प्रकाराला मराठीत उमेदवारी हा जुना शब्द आहे, आणि उमेदवार ज्याच्या दारात बसतो त्याचीच विद्या शिकतो, हे आपल्या वाडवडिलांना पुरते ठाऊक होते.

माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. तिला कारखान्यात ५ जूनच्या पर्यावरणदिनासाठी भित्तिपत्रके रंगविण्याचे, कुंपणालगतची रोपे मोजण्याचे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राची नोंदवही स्वच्छ अक्षरात उतरविण्याचे काम मिळाले. वही उतरविताना तिच्या ध्यानात आले की सलग नऊ दिवसांचे आकडे दशांशापर्यंत एकच आहेत. तिने तसे अहवालात लिहिले. अहवाल 'मंजुरी'साठी द्यावा लागला. परत आला तेव्हा त्यातली दोन पाने नाहीशी झाली होती. मार्गदर्शकांनी सांगितले, सोडून दे, नाहीतर पुढच्या वर्षीच्या मुलांना दार बंद होईल. त्या मार्गदर्शकांना मी दोष देत नाही. ज्याचे दार, त्याचीच कडी.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. जपानमध्ये मिनामाटा येथे चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाऊ घालून पाहिले. मांजराला तोच रोग जडला, जो कोळ्यांच्या घराघरांत माणसांना जडला होता. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. त्याच वर्षी कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे उघडपणे बोट दाखविले होते. तरीही कंपनीने पारा सोडणे थांबविले ते १९६८ साली. ज्ञान दोन्हीकडे होते. एक कंपनीच्या कुलुपात राहिले, दुसरे लोकांच्या हाती आले, आणि रोगग्रस्तांना लढता आले ते या दुसऱ्याच्या बळावर.

आता आपल्या पट्ट्यात कोणते संशोधन होत नाही ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. पवना आणि इंद्रायणी दोघीही त्या यादीत आहेत. महापालिका लहान कारखान्यांकडे बोट दाखविते, लहान कारखानदार महापालिकेच्याच मैलापाण्याकडे दाखवितो, आणि दोघेही खोटे बोलत नाहीत! परंतु भोसरी-तळवड्याच्या गाळ्यात ज्या सुट्या भागावर मुलामा चढतो, तो भाग शेवटी कोणाच्या मोटारीला बसतो? घातक काम लहानाकडे ढकलून स्वतः 'हरित' पुरस्कार घेणारा बडा कारखानदार या साखळीत कोठे उभा आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची हजारो गोदामे व गाळे महापालिकेने भुईसपाट केले. त्यासाठी प्रदूषणाचेही कारण पुढे करण्यात आले. ते भंगार कोणाच्या फाटकातून बाहेर पडत होते, हे कोणी विचारले नाही. पदव्युत्तर प्रबंधाला यापेक्षा चांगला विषय कोणता? पण हा विषय कोणता कारखाना आपल्या उमेदवाराला देईल?

पैशाचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केलेल्या योजनेत ५०० बड्या कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी तरुणांना 'इंटर्नशिप' देण्याचा संकल्प आहे. दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० तिजोरीचे. कंपनीचे ५००, आणि तेही सामाजिक दायित्वाच्या खात्यातून! राज्य सरकारच्या त्याच वर्षीच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराचे दरमहा १०,००० रुपये राज्याच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. जनतेच्या पैशाने विद्यार्थी पोसायचा, तर तो कारखान्याच्या रोपवाटिकेतच का बसवायचा? त्याला नदीकाठी का धाडू नये?

पिंपरीला सार्वजनिक संशोधनाची परंपरा नाही, असेही नव्हे. १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले गेले. त्याच कंपनीची जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला.

कायदा नाही, ही सबब चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. महाविद्यालयांनी त्याचे प्रकल्पवह्यांच्या उतराईत रूपांतर केले. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे १७ वे कलम राज्य मंडळावर संशोधनाला उत्तेजन देण्याचे आणि त्यात सहभागी होण्याचे काम सोपविते. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमानुसार, कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही संबंधित व बाधित माणसाला पाहता आली पाहिजे. मंडळातील तांत्रिक पदे रिकामी असताना पर्यावरणाच्या पदवीधरांना तेथे मानधनावर घ्यावे, त्यांचे प्रबंध कोणाच्याही मंजुरीविना प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी विद्यापीठाने करायला हवी. ते करीत नसेल, तर आपण करावी.

येथे आपल्याच काही साथींशी भांडण आहे. पर्यावरण हा मध्यमवर्गाचा छंद आहे आणि त्यापायी कारखाने बंद पडतील, असे ते म्हणतात. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. ते कोणता छंद जोपासत होते? आम्लाच्या वाफेत आठ तास उभा राहणारा कंत्राटी कामगार आधी स्वतःच्या फुप्फुसाने प्रदूषण मोजतो, मग नदीची पाळी येते. मालक 'कारखाना बंद पडेल' ही धमकी पगारवाढीच्या वेळीही देतोच. तेव्हा आपण तिच्यावर विश्वास ठेवतो काय?

तेव्हा येत्या उन्हाळ्यात भोसरी, तळवडे आणि चाकणच्या युनियन कचेऱ्यांनी चार-चार विद्यार्थ्यांना जागा द्यावी: एक टेबल, एक कपाट, आणि नाला कोठे फुटतो हे ठाऊक असलेला एक जुना कामगार सोबतीला. पाण्याची बाटली, तारीख, वेळ, ठिकाण, दोघांच्या सह्या. अशा नमुन्याला न्यायालयात पुराव्याची किंमत नाही, हे खरे. म्हणून त्याच दिवशी मंडळाच्या अधिकाऱ्याला नमुना घेण्यासाठी लेखी बोलवावे, आणि तो आला नाही तर न आल्याची तारीखही त्याच वहीत नोंदवावी.