संकटात श्रद्धा हवी, आणि औषधही हवे

घरातला कर्ता माणूस अचानक गेला, कंपनीतली नोकरी सुटली किंवा रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, की माणूस देवाकडे वळतो. आपल्या दिघीत कोणी आळंदीची वाट धरतो, कोणी रविवारी चर्चमध्ये जातो. डॉक्टर म्हणून मला त्यात काहीच गैर वाटत नाही. प्रार्थनेने अनेकांचे मन शांत होते. सोबतची माणसे डबा घेऊन येतात, विचारपूस करतात, एकटेपणा कमी होतो.

अडचण होते ती आपल्या बोलण्याने. "एवढा विश्वास आहे, मग रडता कशाला?" "प्रार्थना करा, गोळ्या कशाला?" असे ऐकले की माणूस दुःख लपवतो आणि औषधही सोडतो.

ख्रिस्ती श्रद्धेचे आणि कणखरपणाचे मोठे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे: पंडिता रमाबाई. त्या सोळा वर्षांच्या असताना दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. डॉक्टर व्हावे या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही. तिथेच १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे त्यावरून कडाडून टीका झाली. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनातून पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

रमाबाई रोज प्रार्थना करत, आणि हातही चालू ठेवत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना केडगावला आणले. तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची नीट काळजी घेतली जात नाही, हे त्यांनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. देवावर भरवसा होता म्हणून त्यांनी उपचारांकडे डोळेझाक केली नाही. चांगले उपचार मागितले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरीही मूळ भाषांवरून मराठीत आणलेल्या बायबलचे काम त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

रमाबाईंइतके धैर्य प्रत्येकात असतेच असे नाही, आणि तशी अपेक्षा कोणाकडून करूही नये. पण त्यांच्याकडून एवढे नक्की घेता येईल:

१. रडू आले तर रडा. अश्रू म्हणजे श्रद्धा कमी पडली असे नाही.

२. दिवसाला आकार द्या. वेळेवर उठणे, दोन घास खाणे, थोडे चालणे, एखादे छोटे काम. दुःखाच्या काळात झोप आणि भूक बिघडते, बीपी आणि शुगर वाढू शकते. त्यामुळे चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

३. मदत मागा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

"जगूच नये" असा विचार मनात आला तर थांबू नका. घरच्यांना लगेच सांगा आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. अशा माणसाला घरी एकटे सोडू नये.

चर्चमधल्या, मंदिरातल्या, मशिदीतल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. दुःखात असलेल्या माणसासाठी प्रार्थना जरूर करा. त्यानंतर त्याला विचारा, "आज जेवलात का? गोळी घेतलीत का? दवाखान्यात सोबत येऊ का?"