गाणे वाजते, गीतकार कोठे?

शहापूर-मुरबाड तालुक्यांत लगीनसराई सुरू झाली की हळदीच्या मांडवांतून गाणी घुमू लागतात. गायक कोण, हे आसनगावच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गीत कोणी रचले, हे सहसा कोणी विचारीत नाही. ज्याचे नावच निघत नाही, त्याच्या मोबदल्याची गोष्ट निघावी तरी कशी?

हा दुजाभाव जुनाच आहे. चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्याच वर्षी ग. दि. माडगूळकर निवर्तले, हा एक योगायोग. पुढे पस्तीस वर्षे गीतकार या निर्णयाखाली दबून राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. मालकी विकली तरी स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क गीतकाराला आता सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेकडेच सोपविता येतो. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गीतांनाही, म्हणजे आपल्या हळदीगीतांनाही, ही तरतूद लागू आहे.

मांडवात गाणे वाजविणे हा हक्कभंग नव्हे, असे कायदाच सांगतो, आणि ते योग्यच आहे. वधूपित्याच्या खिशात हात घालण्याचा येथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो ध्वनिमुद्रण विकणाऱ्यांचा, आकाशवाणी-दूरचित्रवाणीचा आणि इंटरनेटवर त्याच गाण्यावर पैसा मिळविणाऱ्यांचा.

परंतु खेड्यातील कवी व्यवहार करतो तो चहाच्या टेबलावर. चार नोटा हाती पडतात, ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर सही होते. वस्तुतः सहीच्या लेखाविना हक्काचे हस्तांतर होतच नाही. लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास, तोही संपुष्टात येतो. ‘कायमचे’ हा एक शब्द पाच वर्षांचे संरक्षण घालवितो, हे सही करणाऱ्याला कोण सांगणार? कॉपीराइट तर मृत्यूनंतरही साठ वर्षे चालतो. माडगूळकरांच्या काव्यावरचा तो २०३७ अखेरपर्यंत टिकेल. म्हणजे सही करणारा नातवंडांचेही देऊन बसतो.

१९६९ साली स्थापन झालेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ गीतकार-संगीतकारांच्या वतीने वसुली करते. पण सभासद झाल्याखेरीज तिच्याकडून पैसा येणार कसा? शहापूर-मुरबाडच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी लगीनसराईपूर्वी एक दिवस एखादा वकील बोलावावा, गावोगावच्या कवींना आपापले कागद घेऊन यायला सांगावे, आणि सही होण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यावेत.