पायाची नाडी

दिवाळीच्या खरेदीला निघालेले आजोबा दर दोनशे पावलांवर एखाद्या दुकानापुढे थांबतात, काचेआडचा माल न्याहाळतात आणि पुन्हा चालू लागतात. नातवंडांना वाटते, आजोबा मोठे चोखंदळ! खरे म्हणजे त्यांच्या पोटरीत गोळा आलेला असतो. जर्मन लोकांनी या दुखण्याला ‘दुकानाच्या खिडकीचा आजार’ असेच नाव दिले आहे.

घरोघर याचे निदान मात्र एकच: “वय झाले!” पण चालताना पोटरी धरावी, थांबताच सुटावी आणि तेवढेच चालल्यावर पुन्हा धरावी, हे नुसते वयाचे लक्षण नव्हे. पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत चरबीची पुटे चढून त्या अरुंद झाल्या, की चालत्या स्नायूंना रक्त अपुरे पडते. बुली नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८३१ साली हे लंगडणे घोड्यात पाहिले; शार्को यांनी १८५८ साली ते माणसात वर्णिले. आणि जे पायाच्या रोहिणीत झाले, ते हृदयाच्या व मेंदूच्या रोहिणीतही चालू असण्याचा संभव मोठा. म्हणून पायाचा हा निरोप ऐकायचा.

त्याची तपासणी घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही होऊ शकते. माणसाला निजवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेतात. नाडी लहानशा डॉपलर यंत्राने ऐकतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडात १४० आणि घोट्यात ९८, तर भागाकार ०.७०. तो ०.९० किंवा त्याहून कमी आला, तर रोहिणी अरुंद झाली असे समजतात.

मग सरसकट सर्वांचीच तपासणी का नको? काहीच त्रास नसलेल्यांना तिचा लाभ होतो की नाही, हे सांगायला पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली म्हटले. परंतु ज्यांची पोटरी धरते त्यांनी ती जरूर करावी. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, मधुमेह्यांनी व पासष्टी उलटलेल्यांनी डॉक्टरांना निदान विचारावे तरी. मधुमेह्यांचे दुखणे अधिक लबाड. पाय बधिर असला तर कळ येत नाही, आणि रोहिण्या कडक झाल्या असल्या तर आकडाही फसवा, चढा येतो. त्यांनी केवळ आकड्यावर विसंबू नये. पाय नियमितपणे दाखवावेत.

उपायांत पहिला मान तंबाखू सोडण्याला. दुसरा, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालण्याला: कळ येईतो चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची औषधे चुकवू नयेत. निजल्यावरही पाय ठणकू लागला किंवा बोटावरची जखम भरेना, तर पाडवा-भाऊबीज होऊ द्या म्हणत बसू नये. पाय एकाएकी गार, पांढरा पडून कळा मारू लागला, तर त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

डॉक्टरांपुढे बसले की आपण सवयीने हात पुढे करतो. यंदा पायमोजेही काढा, आणि म्हणा, “जरा पायाचीही नाडी पाहा.”