मांडवावरचा एक दोडका

शहरात गच्चीवर चार कुंड्या ठेवल्या की माणूस लगेच ‘सेंद्रिय’ होतो. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या पाड्यांवर परसबागेला असं विशेषण लागत नाही. न्हाणीच्या पाण्यावर आळू, कुडाच्या कडेनं वाल-घेवडा, चार मेढींच्या मांडवावर दोडका नि कारलं. खत गोठ्यातलं, मावा दिसला की सकाळी दवात पानांवर चुलीतली राख फुंकायची. पण खरी गंमत त्या एका दोडक्यात आहे, जो भाजी कमी पडली तरी कुणी तोडत नाही. तो वेलावरच वाळतो, हलवला की खुळखुळतो, मग चुलीवरच्या धुरात टांगला जातो. पुढच्या पावसाळ्याचं बी ते! उलट मी पाकिटातल्या संकरित बियाण्याच्या टोमॅटोचं बी धरलं, तर दुसऱ्या वर्षी दोन झाडं एकसारखी निघाली नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी वाण राखेत घोळून मडक्यांत जपलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तोवर आपल्याला ते अडगळच वाटत होतं. अर्थात पाड्यावरची परसबाग बारमाही नसते. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. मग वेलाला कोण घालणार? होळीपर्यंत मांडव रिकामा होतो. राहतो तो शेवगा, आणि धुरात काळा पडलेला तो दोडका.