बाई, किती येतील याचे?

आमच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात सध्या दोन तट पडले आहेत. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. नाशिकमध्ये एका वाचनालयाच्या माडीवर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमणारी पंचवीस-तीस माणसं. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी किराणा दुकानदार, दोन डॉक्टर, एसटीचे एक निवृत्त कंडक्टर, चार-पाच शाळकरी मुलं आणि मी. आपापली नाणी आणायची, भिंग फिरवायचं, कोणाला अक्षर लागत नसेल तर लावून द्यायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. एकाच प्रकारची दोन नाणी असली तर अदलाबदल. पैशांचा व्यवहार मात्र करायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

आता काही तरुण सभासदांनी सूचना आणली आहे की शेवटचा एक तास खरेदी-विक्रीला द्यावा. टेबलं लावावीत, ज्याला विकायचं त्याने मांडावं, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. सूचना मांडणारा माझाच जुना विद्यार्थी, दहावी 'क' मधला. त्याचा आता जुन्या नाण्यांचाच धंदा आहे. ज्येष्ठ मंडळी खवळली. एकजण म्हणाले, "देवळात दुकान मांडायला निघालात!" नाशिककराने हा दृष्टांत द्यावा म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे देवळापाशी दुकान नसेल तर भाविकालाच चुकल्यासारखं होतं.

माझं मत विचारलं गेलं, ते आधीच सांगून टाकते. बाजार मांडावा. पण मांडायचा तर माझ्या काही अटी आहेत, आणि त्या ऐकल्यावर माझा विद्यार्थीसुद्धा थोडा हिरमुसला.

पहिली गोष्ट, बाजार आमच्याकडे नाही हे म्हणणंच खोटं आहे. अदलाबदल म्हणजे काय असतं? मी सहाव्या जॉर्जचा एक रुपया देऊन भोकाचे बारा पैसे घेतले (१९४३ ते १९४७ मधले ते मध्ये मोठं भोक असलेले तांब्याचे पैसे, जुन्या लोकांना आठवतील), तेव्हा मनात भाव केलाच ना? फक्त तो बोलून दाखवला नाही. आणि खरे पैशांचे व्यवहार होतात ते माडीच्या जिन्यात. चहा झाला की दोघेजण "जरा खाली जाऊन येतो" म्हणून उठतात. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.

या जिन्यातल्या बाजाराचं काय होतं ते सांगते. आमचे एक सभासद होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. फार बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे १९३९ चा चांदीचा रुपया होता, सहाव्या जॉर्जचा. ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगायला नको. त्या सालचा रुपया क्वचितच बघायला मिळतो आणि त्याच्या नकलाच जास्त हिंडतात. त्यामुळे यांनी तो आणला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तासभर त्याची परीक्षा केली होती. वजन केलं, कडा बघितल्या, आकड्यातला ९ कोरून बदललेला तर नाही ना ते पाहिलं. अस्सल ठरला. त्या दिवशी त्या गृहस्थांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशाने भजी खिलवली.

ते गेले. त्यांच्या पत्नी काही महिन्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्यातल्याच एकाकडे गेल्या, कारण नवऱ्याच्या तोंडून ते नाव त्यांनी ऐकलं होतं. त्याने डबा उघडला, वरवर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वहिनी, चांदीच्या भावाने घेतो सगळं, तुमच्यासाठी म्हणून." डबा त्याच्याकडे राहिला. १९३९ चा रुपया त्या डब्यात होता आणि तो ओळखता येत नाही असा आमच्यात एकही माणूस नाही. मला हे कळलं तेव्हा व्यवहार होऊन तीन महिने झाले होते. वहिनींना मी सांगितलं नाही. त्यांना मिळालेल्या पैशांत त्यांनी घराचा पाण्याचा पंप बदलला होता, आणि त्या समाधानी होत्या. सांगून मी त्यांना काय दिलं असतं?

आता बघा, आमच्या मंडळाचा नियम मोडला का? नाही. व्यवहार मंडळात झालाच नाही. नियमाने मंडळ स्वच्छ राहिलं आणि वहिनी नागवल्या गेल्या. हाच डबा पंचवीस माणसांसमोर टेबलावर उघडला असता तर त्याची हिंमत झाली नसती. म्हणून मी बाजाराच्या बाजूने.

आणि म्हणूनच माझी पहिली अट अशी आहे की नाणं ओळखून देणाऱ्याने ते नाणं घ्यायचं नाही. सांगणारा वेगळा, घेणारा वेगळा. निदान दोघांनी किंमत सांगायची, ती चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी नाण्याजवळ ठेवायची. कोणाच्या मृत्यूनंतर घरचं माणूस डबा घेऊन आलं तर त्या दिवशी काही विकायचं नाही, फक्त यादी करून द्यायची आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचं. विद्यार्थी म्हणाला, "बाई, असं केलं तर गिऱ्हाईक सराफाकडे जाईल." जाईल, काही जातीलच. ती भीती खरी आहे. २०२५ मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा टप्पा ओलांडला. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात शंभरात ९१.६७ भाग चांदी. हिशेब केला तर एका रुपयात दहा ग्रॅमहून थोडी जास्तच शुद्ध चांदी निघते. दीड लाखाच्या भावाने नुसत्या धातूचे सोळाशे रुपये झाले. साधी, सर्रास मिळणारी साल असेल तर संग्राहक त्याहून फार जास्त देत नाही. मग लोक म्हणतात, कोण वाट बघतं? टाका मुशीत. लग्नातल्या पैंजणांमध्ये किती व्हिक्टोरिया राणी वितळल्या असतील देव जाणे. उद्या आमच्या टेबलावर त्यातल्या चार वाचल्या तर मला आनंदच आहे.

पण इथे कायदा आडवा येतो, आणि त्यावर आमच्याकडे कोणीच बोलायला तयार नाही. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू आहे आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. देशाबाहेर तर खाजगी माणसाला पाठवताच येत नाही. (अमेरिकेतल्या आमच्या भाच्याने कृपया लक्षात ठेवावं. तुला शिवराई पाठवणार नाही, इथे येऊन बघ.) मी वकील नाही, पण मराठी-इतिहास शिकवण्यात जन्म गेला, कलम वाचता येतं. तेव्हा माझी दुसरी अट, की सभासदांच्या टेबलावर शंभर वर्षांच्या आतलीच नाणी असावीत. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने आपलं नाव लावून वेगळं बसावं आणि पावती द्यावी. गंमत अशी की ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. यंदा १९२६ चं नाणं पलीकडे गेलं, पुढच्या वर्षी १९२७ चं जाईल. मीसुद्धा आणखी पंचवीस वर्षांनी परवान्याशिवाय विकता येणार नाही :)

शंभर वर्षांपलीकडच्या नाण्यांबद्दल मी एवढी हट्टी का, तर जोगलटेंभीमुळे. आमच्या जिल्ह्यातलं हे गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला. हरलेल्या राजाची नाणी गोळा करून त्याच्याच चेहऱ्यावर जिंकलेल्याचा शिक्का! सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला याचा याहून बोलका पुरावा कोणता? पण हा पुरावा एका नाण्यात नाही. तो मोजदादीत आहे. किती नाण्यांवर छाप आहे, किती तशीच राहिली, सगळी एका जागी होती, हे कळलं म्हणून ते प्रकरण इतिहासात गेलं. त्यातली पाचशे येवल्याला, हजार मुंबईला, दोनशे कोणाच्या तिजोरीत अशी पांगली असती आणि नोंदच झाली नसती, तर प्रत्येकाकडे एकेक सुंदर नाणं असतं, आणि इतिहास कोणाकडेच नसता.

बाजारात जुनं नाणं येतं तेव्हा त्याचं गाव पुसलेलं असतं. विकणारा सांगतच नाही. सांगेल कसा? १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांवर असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये, आणि आकडा तोच आहे अजून. तेव्हा नांगराला लागलेलं मडकं रातोरात फुटतं, नाणी चार दलालांत वाटली जातात आणि आपल्यासमोर येतात ती "आजोबांच्या पेटीतली" म्हणून. महाराष्ट्रातल्या इतक्या आजोबांकडे सातवाहनांची नाणी होती हे मला या छंदात पडल्यावरच कळलं.

खोट्या नाण्यांचं पुराण लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, १८१८ साल घातलेले, राम-सीता-हनुमानाचे तांब्याचे 'आणे' दर दोन महिन्यांनी कोणीतरी आणतोच. कंपनीने असे आणे कधी पाडलेच नाहीत. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या नाण्यापायी तर शिकलेल्या माणसांनी जमिनी विकल्या आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच-दहा रुपयांचं नाणं २०१२ मध्ये निघालं, त्याला लाखो रुपये मिळतात म्हणून व्हिडिओ फिरतात. आधी नोंदणीची फी भरा म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच जाहीर करावं लागलं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी कोणी कमिशन मागत असेल तर देऊ नका, आम्ही असले व्यवहार करत नाही. एवढ्यासाठी तरी लोकांना भाव विचारायला एक खरी जागा हवी.

राहिली मुलं. ज्येष्ठांचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, की मुलं बिघडतील. पूर्वी मूल नाणं पुढे करून विचारायचं, "बाई, हे कुठलं?" आता विचारतं, "बाई, किती येतील याचे?" मलाही आधी राग यायचा. मागच्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा कमळाचे वीस पैसे घेऊन आला, ते पितळी रंगाचं सुंदर नाणं, १९७० चं. हाच प्रश्न. म्हटलं, ते टांकसाळीवर अवलंबून आहे, सालाखाली बघ. चौकटचिन्ह असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. पठ्ठ्याने भिंग घेतलं ते दीड तास सोडलं नाही. पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या सुट्या नाण्यांची पिशवी घेऊन आला, वहीत तीन रकाने आखून. टिंब असलेली नोएडाची नाणी त्यानेच शोधून काढली आणि चौथा रकाना पाडला. मी छत्तीस वर्षं शिकवलं. ज्या कारणाने मूल पुस्तक उघडतं ते कारण तपासत बसायचं नाही, एवढं शिक्षकाला कळतं. तरी अठरा वर्षांखालच्यांनी विकायचं नाही, अदलाबदलच करायची, असं मी सुचवलं आहे. आणि चिंच-मीठ लावून घासलेलं चकचकीत नाणं कोणी मांडलं तर ते परत पाठवायचं. या एका अटीला मात्र दोन्ही तटांनी टाळ्या वाजवल्या.

निर्णय पुढच्या रविवारी आहे. शंभर वर्षांच्या अटीवर माझा विद्यार्थी अजून अडून आहे. "बाई, मग शिवराईचं काय?" म्हणतो. श्री राजा शिव एका बाजूला, छत्रपति दुसऱ्या बाजूला, ते बोटाएवढं तांबं महाराष्ट्रात प्रत्येकाला हवं असतं, हे खरं. त्याला म्हटलं, तू परवाना काढ, पावती दे, कुठून आली ते लिही, मी स्वतः तुझ्याकडून पहिली शिवराई घेईन. तो हसला. काढतो म्हणाला, बघू.

आता घरच्यांसाठी. माझा डबा गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे आहे. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत आहे, पुडीवर काय, कुठून, कोणत्या साली आणि कितीला घेतलं ते लिहिलंय. अदलाबदलीत आलेल्यांवर काय दिलं तेही आहे. यादीच्या तीन प्रती आहेत, एक डब्यात, एक सुनेकडे, एक धाकट्या भावाकडे. शंभर वर्षांवरच्यांची यादी वेगळी, लाल शाईने. डबा घेऊन कोणीही एकट्याने कोणाकडे जायचं नाही, माझ्या विद्यार्थ्याकडेसुद्धा नाही. त्याला हे मी सांगून ठेवलंय, तो रागावला नाही.