हसतो कोण, मोजतो कोण?

रात्री जेवणाच्या वेळेला धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही भीमनगरातून एक चक्कर मारा. कळंब असो, भूम असो की उमरगा, घराघरातून हसण्याचा आवाज येतो. त्यातलं काही हसणं माणसांचं असतं आणि काही टीव्हीच्या डब्यातलं, आधीच भरून ठेवलेलं. विनोदी मालिका लागलेली असते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेला माणूस घटकाभर हसला, तर त्यात वावगं काहीच नाही. पण तो कोणावर हसतो आहे आणि त्याचं हसणं कोणी मोजतं आहे का, हे दोन प्रश्न चळवळीच्या वाचकाने विचारलेच पाहिजेत.

नवी विनोदी मालिका सुरू होते तेव्हा ती रांगत असते. कोणतं पात्र लोकांना भावेल, हे खुद्द लेखकालाही ठाऊक नसतं. मग पहिले काही आठवडे प्रतिसाद पाहिला जातो. ज्याच्या वाक्याला हशा येतो त्याची वाक्यं वाढतात, ज्याला येत नाही तो हळूच कोपऱ्यात जातो. असं करत करत मालिका बाळसं धरते आणि एकदा साचा ठरला की वर्षानुवर्षे तोच चालतो. म्हणजे पहिल्या आठवड्यांत ज्याचा प्रतिसाद पोचला, त्याच्या आवडीची मालिका तयार होते. वाहिनीवाले म्हणतात, ‘प्रेक्षकांना हेच आवडतं.’ कोणत्या प्रेक्षकांना?

टीआरपीचं यंत्र काही निवडक घरांत बसवलेलं असतं. वर्षानुवर्षे हे मोजमाप प्रामुख्याने शहरांचंच होतं. ‘बार्क’ ही संस्था २०१५ साली आकडे देऊ लागली आणि खेड्यापाड्यांचं मोजमाप त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. ते सुरू होताच देशातल्या वाहिन्यांची क्रमवारी उलटीपालटी झाली. फुकट दिसणारी ‘झी अनमोल’ पहिल्या क्रमांकावर आली. खेड्यातला माणूस आदल्या दिवशीही टीव्ही पाहत होताच, फक्त तो हिशेबात नव्हता! २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती आणि दर पाच माणसांपैकी चार खेड्यात राहत होती. मराठी विनोदी मालिकांचा साचा घडला त्या काळात ही माणसं जमेत धरलेलीच नव्हती.

तो साचा कोणता? दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव’पासून २००१ साली अल्फा मराठीवर आलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’पर्यंत पाहा. मालिका चांगल्या होत्या. दिलीप प्रभावळकरांचे आबा आपल्याही घरांत आवडीने पाहिले गेले. तक्रार त्या कलावंतांविषयी नाही. पण घर बहुधा पांढरपेशाच राहिलं आणि शुद्ध बोलणारी माणसं सोफ्यावर बसली. आपल्यासारखं बोलणारा माणूस आला तो गडी, मोलकरीण किंवा हवालदार होऊन. ‘काय करायलास?’ एवढं म्हटलं की हशा. वाक्यात विनोद नसला तरी चालतं, बोलीच विनोद ठरते.

याची किंमत आपली पोरं भरतात. धाराशिव-तुळजापूरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, वर्गात तोंड उघडतो आणि मागच्या बाकावरून खसखस पिकते. ते हसू त्या मुलांना कोणी शिकवलं? तो मुलगा आठ दिवसांत बोली बदलतो, महिन्याभरात गप्प होतो. पुढे गावाकडून आलेल्या आईशी चारचौघांत बोलायलाही तो लाजतो. हा करमणुकीचा प्रश्न नाही, स्वाभिमानाचा आहे.

बोलीत विनोद नसावा, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. २०१७ साली झी मराठीवर ‘गाव गाता गजाली’ आली. सगळं गाव मालवणी बोलणारं. सगळेच तसे बोलतात म्हटल्यावर बोलीला हसणार कोण? लोक माणसांच्या स्वभावाला हसले. मराठवाड्याच्या वाट्याला असं घर किती वेळा आलं, हे वाचकांनीच आठवून पाहावं.

पण नुसतं घर मिळूनही भागत नाही. अमेरिकेत १९७४ साली सीबीएस वाहिनीवर ‘गुड टाइम्स’ ही विनोदी मालिका सुरू झाली. शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं गरीब काळं कुटुंब, कष्टकरी आई-बाप आणि तीन मुलं. आईचं काम करणाऱ्या एस्थर रोल यांनी आधीच अट घातली होती की या घरात बाप असला पाहिजे. काळ्यांच्या घरात बाप नसतोच, हा समज त्यांना मोडायचा होता. मालिका बाळसं धरू लागली तसा थोरल्या मुलाच्या, जे. जे.च्या, माकडचेष्टांना हशा येऊ लागला. झालं! लेखकांनी तेच वाढवलं. शाळेतल्या हुशार धाकट्याचं बोलणं मागे पडलं आणि विदूषक पुढे आला. आई आणि बाप झालेले दोन्ही कलावंत जाहीरपणे नाराज झाले. बापाचं काम करणारे जॉन एमॉस यांना काढण्यात आलं आणि १९७६ साली मालिकेतला बाप अपघातात मारला गेला. पुढच्या वर्षी एस्थर रोल स्वतःच बाहेर पडल्या. प्रेक्षक घटले तेव्हा त्यांना परत बोलवावं लागलं आणि त्या आल्या त्या अटी घालूनच.

यातून घ्यायचा धडा आपल्यासाठीही कडू आहे. ‘आपला माणूस टीव्हीवर आला’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो. वस्तीतून आलेली गुणी पोरं पडद्यावर दिसतात, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांच्या तोंडी काय दिलं जातं? त्यांच्या रंगावर, गरिबीवर, झोपडीवर विनोद झाला की आपणही हसतो आणि ते हसणं त्याच साच्याला खतपाणी घालतं.

मग करायचं काय? प्रतिसाद द्यायचा, तोही वेळेवर आणि संघटितपणे. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते. त्या राज्यात २०२० साली बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका ‘महानायक’ कन्नडमध्ये दाखवली जाऊ लागली. ती बंद करा म्हणून वाहिनीच्या प्रमुखाला धमक्या आल्या. लोकांनी गावोगावी स्वागताचे फलक लावले आणि मालिका चालू राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘तारक मेहता’त मुंबईची भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं. मराठीचा मुद्दा घेऊन संघटना उभी राहिली आणि काही दिवसांतच दिलगिरी व्यक्त झाली. भाषेसाठी जे होतं ते माणसाच्या इज्जतीसाठी का होऊ नये?

कायदाही आपल्या बाजूने आहे. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहितेत भाषिक व प्रादेशिक गटांचं हेटाळणीचं चित्रण करण्यास मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीवर वाहिनीला १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर वर दाद मागता येते. आपल्यापैकी किती जणांनी असं एक पत्र लिहिलं आहे?

तक्रार करावी तशी शाबासकीही द्यावी. एखाद्या नव्या मालिकेत आपलं घर, आपली बोली सन्मानाने आली, तर पहिल्याच आठवड्यात वाहिनीला कळवा. रांगणाऱ्या मालिकेला वळण लावता येतं. साचा पक्का झाल्यावर मोर्चे काढून फारसं काही हाती लागत नाही. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. आज आपल्याला वाचा आहे. टीव्हीसमोर बसल्यावर ती गिळून टाकायची का, हे ज्याने त्याने आज रात्री जेवताना ठरवावं.